मणक्यांतील मळसूत्र आणि महारोहिणी

भिंतींत खिळा ठोकणारा सुतार भिंतीच्या पलीकडे काय आहे याचा विचार क्वचितच करितो. पलीकडे कोनाडा असो कीं पाण्याचा नळ असो, खिळा पक्का बसला म्हणजे त्याचें काम संपलें. पाठीच्या कण्यावर शस्त्रक्रिया करणाऱ्या शल्यवैद्यास मात्र इतकें निश्चिंत राहतां येत नाहीं. तो ज्या हाडांत धातूचा मळसूत्री खिळा, म्हणजे ज्याला सर्वजण स्क्रू म्हणतात तो, बसवितो, त्या हाडाच्या पलीकडेच शरीरांतील सर्वांत मोठी रक्तवाहिनी हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी उसळत असते. हा खिळा जागा चुकला तर काय घडतें, तें ओळखावें कसें आणि त्यावर उपाय कोणता, हा विषय वरवर पाहतां केवळ डॉक्टरांचा वाटेल. परंतु पाठींत असे खिळे घेऊन हिंडणारीं माणसें आतां गांवोगांव आढळतात, म्हणून तो सर्वांनींच समजून घेण्याजोगा आहे.

प्रथम शरीररचनेचा थोडा विचार करूं. मनुष्याच्या कण्यांत ३३ मणके असतात. मानेचे ७, छातीचे १२ आणि कमरेचे ५. त्यांच्या खालीं त्रिकास्थीचे ५ व माकडहाडाचे ४ मणके असून ते वयोमानाप्रमाणें एकमेकांस जुळून जातात. छातीच्या व कमरेच्या प्रत्येक मणक्याचा पुढील भाग जाड चकतीसारखा असतो, व मागील भाग देवडीच्या कमानीसारखा असतो. चकती आणि कमान यांच्या मधल्या पोकळींतून मज्जारज्जु खालीं उतरतो. कमानीला चकतीशीं जोडणारे दोन आंखूड खांब असतात, एक उजवीकडे व एक डावीकडे. इंग्रजींत त्यांस पेडिकल म्हणतात. छातीच्या मधल्या मणक्यांत या खांबांची रुंदी कित्येक माणसांत ५ मिलिमीटरांच्या आसपास असते. त्यांच्या आंतल्या अंगास मज्जारज्जु आणि पुढें चकतीच्या पलीकडे मोठ्या रक्तवाहिन्या, अशी ही चिंचोळी वाट आहे.

हृदयांतून शुद्ध रक्त घेऊन निघणाऱ्या मुख्य वाहिनीस महारोहिणी किंवा महाधमनी म्हणतात. ती प्रथम वर जाते, कमानीसारखी वळते आणि छातीच्या चौथ्या मणक्याच्या सुमारास कण्याच्या डाव्या बाजूस येऊन टेकते. तेथून ती कण्याला धरूनच खालीं उतरते, उतरतां उतरतां मध्याकडे सरकते, आणि कमरेच्या चौथ्या मणक्यासमोर तिच्या दोन शाखा होऊन त्या दोन पायांकडे जातात. पायांकडून अशुद्ध रक्त परत आणणारी महानीला कण्याच्या उजव्या अंगानें वर चढते. सारांश, कण्याच्या पुढें एका बाजूस भरतीचा व दुसऱ्या बाजूस ओहोटीचा, असे दोन मोठे प्रवाह जवळ जवळ हाडाला चिकटूनच वाहत असतात.

आतां कण्यांत धातू घालण्याचें प्रयोजन काय? अपघातानें मणका मोडला, क्षयानें तो किडून ढासळला, एक मणका दुसऱ्यावरून पुढें घसरला, किंवा वाढत्या वयांतील मुलीची पाठ एका बाजूस वांकत चालली, तर कण्यास आधार द्यावा लागतो. अमेरिकेंतील टेक्सस प्रांतांत हॅड्रा या शल्यवैद्यानें १८९१ सालीं मोडक्या मानेचे मणके तारेनें बांधल्याचें प्रसिद्ध केलें. १९११ सालीं न्यूयॉर्क येथें आल्बी व हिब्स यांनीं मणके हाडानेंच सांधून एकजीव करण्याच्या रीति दाखविल्या. पुढें ह्यूस्टनच्या पॉल हॅरिंग्टन यांनीं पोलिओमुळें पाठ वांकलेल्या मुलांसाठीं पोलादी कांबी व आंकडे योजिले. त्यांचा निबंध १९६२ सालीं प्रसिद्ध झाला. आणि पॅरिसचे रॉय-कामीय यांनीं १९६३ पासून पेडिकलमधून स्क्रू घालून त्यांस पट्ट्या जोडण्याची पद्धति सुरू केली. आंकडा मणक्याच्या केवळ मागच्या भागाला धरतो. स्क्रू मात्र कमानीपासून खांबांतून थेट चकतींत शिरतो व सबंध मणका आपल्या कबजांत घेतो. म्हणूनच ही पद्धति पुढें जगभर पसरली. तिचें बळ ज्यांत आहे त्यांतच तिचें भय आहे, हें मात्र विसरतां येत नाहीं.

स्क्रू घालतांना शल्यवैद्यास हाडाचा मागचा पृष्ठभाग तेवढा दिसतो. खांबाची दिशा तो खुणांवरून, क्ष-किरणांच्या साहाय्यानें आणि हाताच्या स्पर्शानें ठरवितो. दिशा आंत गेली तर मज्जारज्जूस धक्का पोंचतो. बाहेर गेली, किंवा स्क्रू गरजेपेक्षां लांब निघाला, तर त्याचें टोंक हाड फोडून पुढें डोकावतें. पाठ वांकलेली असेल तर मणके स्वतःभोंवतीं पिळलेले असतात, आणि महारोहिणीहि नेहमींची जागा सोडून त्यांच्या अधिक निकट आलेली असते. अशा रुग्णांत चुकीला जागा फारच थोडी उरते. तथापि एक गोष्ट येथेंच सांगितली पाहिजे. स्क्रू हाडाबाहेर किंचित् आला म्हणजे अनर्थ झालाच, असें मुळींच नाहीं. असे थोडेसे बाहेर आलेले स्क्रू पुष्कळ आढळतात व बहुतेक निरुपद्रवी ठरतात. मोठ्या रक्तवाहिनीस इजा होणें ही विरळा घडणारी गोष्ट आहे. पण घडली म्हणजे ती प्राणावर बेतते, म्हणून तिचें महत्त्व.

ही इजा तीन प्रकारांनीं होते. पहिला प्रकार तत्काळ फाटण्याचा. दुसरा हळूहळू झिजण्याचा. महारोहिणी ही कांहीं स्वस्थ पडून राहिलेली नळी नव्हे. मिनिटास ७० ठोके धरले तर दिवसास एक लाखाहून अधिक वेळां ती फुगते व आकसते. तिच्या भिंतीस धातूचें टोंक टेकलेलें असेल, तर प्रत्येक ठोक्यास ती त्या टोंकावर घासली जाते. विहिरीच्या कांठचा दगडसुद्धां दोराच्या रोजच्या घर्षणानें खांचतो. मग जिवंत भिंतीची कथा काय! भिंत झिजून रक्त बाहेर झिरपतें, भोंवतालच्या पेशीजालाच्या आवरणांत कोंडतें, आणि तेथें एक उसळता फुगा तयार होतो. यास खोटी धमनीवृद्धि म्हणतात. खोटी अशासाठीं, कीं त्या फुग्यास रक्तवाहिनीची खरी भिंत नसते. तो केव्हां फुटेल याचा नेम नाहीं. हा प्रकार शस्त्रक्रियेनंतर कांहीं दिवसांनीं, महिन्यांनीं, किंवा कित्येक वर्षांनींहि उघडकीस येतो.

तिसरा प्रकार विलक्षण आहे. रोहिणी व शेजारची नीला या दोहोंस एकदमच भोंक पडलें, तर मधली वाट मोकळी होऊन जोरकस रक्त आडमार्गानें परत हृदयाकडे धांवूं लागतें. पाटाचें पाणी शेतांत जाण्याआधींच फुटून परत ओढ्यास मिळावें, तसें हें होय. हृदय दुप्पट कष्ट करितें, पाय सुजतात, धाप लागते, पोटावर कान ठेविला असतां सतत घरघर ऐकूं येते. आणि डॉक्टर हृदयाचा रोग समजून उपचार करीत राहतात. १९४५ सालीं अमेरिकेंतील लिंटन व व्हाइट या दोन डॉक्टरांनीं असा एक रुग्ण वर्णिला. त्याच्या कमरेंतील सरकलेल्या गादीवर पूर्वीं शस्त्रक्रिया झाली होती, आणि नंतर उजव्या पायाकडे जाणारी रोहिणी व महानीला यांच्यामध्यें आडवाट पडल्याचें आढळलें. ती शस्त्रक्रियेनें बंद करितांच रुग्ण बरा झाला. त्या ठिकाणीं स्क्रू नव्हता. परंतु पाठीकडून काम करणारें हत्यार पोटांतील रक्तवाहिनीपर्यंत पोंचूं शकतें, हा धडा त्या काळापासूनच वैद्यांपुढें आहे.

उपायांचा विचार करितांना पहिला प्रसंग शस्त्रक्रियेच्या मेजावरचा. रुग्ण पालथा असतो. रक्तवाहिनी फाटली तरी रक्त पाठीच्या जखमेंतून वर येईलच असें नाहीं. तें पुढें छातींत किंवा पोटाच्या मागील पोकळींत सांचतें. अशा वेळीं जखम कोरडी दिसत असतांहि रक्तदाब एकाएकीं घसरूं लागतो, आणि भूल देणारा डॉक्टरच बहुधा तो पहिला इशारा देतो. तेव्हां वेळ न दवडतां जखम झांकून रुग्णास उताणा करणें, रक्त चढविणें, रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञास पाचारण करणें, आणि पोट किंवा छाती उघडून अथवा रोहिणीच्या आंतून रक्तस्राव थोपविणें, हाच मार्ग. येथें विलंब म्हणजे मृत्यु.

दुसरा प्रसंग अधिक फसवा. रुग्ण हिंडताफिरता आहे. पाठींत किंवा छातींत थोडी कळ आहे, कदाचित् तीहि नाहीं. दुसऱ्याच कारणासाठीं सी. टी. स्कॅन काढला जातो आणि त्यांत दिसतें, कीं स्क्रूचें टोंक महारोहिणीच्या भिंतींत रुतलें आहे. सामान्य माणूस लगेच म्हणेल, कीं मग स्क्रू काढून टाका. कांटा रुतला तर कांटा काढावा, हा लोकव्यवहार आहे. परंतु येथें तोच व्यवहार घातक ठरण्याचा संभव असतो. जें टोंक भोंक पाडतें तेंच त्या भोंकाचें बूचहि असतें. बूच काढलें कीं धार सुटते.

ही जाणीव आपल्या देशांत फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत १०७ मर्में सांगून त्यांचे पांच वर्ग केले आहेत. त्यांतील एका वर्गाचें नांव ‘विशल्यघ्न’ असें आहे. त्या मर्मांत शल्य, म्हणजे बाणाचें टोंक वगैरे, रुतलें असतां तें आंत आहे तोंवर मनुष्य जगतो, आणि उपटून काढतांच मरतो, असें तेथें म्हटलें आहे. तीं मर्में मस्तकाच्या प्रदेशांतील आहेत आणि त्याची कारणमीमांसाहि आजच्याहून निराळी आहे. परंतु शल्य काढण्यापूर्वीं काढल्यावर काय होईल याचा विचार करावा, हा दंडक दोन्हीकडे एकच आहे.

म्हणून आजचा क्रम असा: आधीं रक्तवाहिनीची सोय, मग स्क्रूला हात. पूर्वीं ही सोय करण्याचा एकच मार्ग होता. छाती उघडावी, महारोहिणी इजेच्या वर व खालीं चिमट्यांनीं बंद करावी, भोंक शिवावें, किंवा बिघडलेला तुकडा कापून त्या जागीं डॅक्रॉनच्या धाग्यांनीं विणलेली नळी जोडावी. रक्तवाहिन्या शिवण्याची विद्या फ्रान्समध्यें जन्मलेल्या आलेक्सी कॅरेल यांनीं १९०२ सालीं प्रसिद्ध केली व त्यांस १९१२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. हा मार्ग आजहि टाकाऊ झालेला नाहीं. परंतु आधींच जायबंदी झालेल्या माणसाची छाती उघडणें, आणि महारोहिणीचा प्रवाह थांबवून धरणें, ही मोठी जोखीम आहे.

दुसरा मार्ग आंतून जाण्याचा. स्वीडनचे सेल्डिंगर यांनीं १९५३ सालीं सुईच्या भोंकांतून तार व तारेवरून नळी रक्तवाहिनींत सरकविण्याची सुटसुटीत युक्ति दाखविली. त्याच वाटेनें पुढें खार्किव्ह येथील निकोलाय व्होलोडोस यांनीं १९८७ सालीं छातींतील महारोहिणीस आंतून अस्तर बसविलें, आणि ब्युनोस आयरिसचे हुआन पारोदी यांनीं १९९० सालीं पोटांतील महारोहिणीच्या फुग्यावर हाच उपाय केला. या अस्तरास स्टेंट-ग्राफ्ट म्हणतात. धातूच्या जाळीवर कापडाची नळी चढविलेली असते. ती दुमडून बारीक करितात, जांघेंतील रोहिणींतून वर नेतात, आणि क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहून नेमक्या ठिकाणीं उघडतात. ती रोहिणीच्या व्यासाहून थोडी मोठी निवडितात, म्हणजे भिंतीस दाबून बसते. आणि भोंकाच्या वर व खालीं सुमारें दोन दोन सेंटिमीटर निरोगी भिंत तिला टेकावयास मिळावी लागते.

आतां या दोन्ही कामांची सांगड पाहावी. रुग्णास कित्येकदां कुशीवर निजवितात, म्हणजे एकाच वेळीं पाठ आणि जांघ दोन्ही उघडीं राहतात. रक्तवाहिन्यांचा शल्यवैद्य अस्तर जागेवर नेऊन उघडतो. स्क्रूचें टोंक भिंतीच्या आंत शिरलेलेंच असेल तर अस्तराचें कापड त्यावर फाटूं नये, म्हणून स्क्रू मागें घेणें व अस्तर उघडणें या दोन क्रियांचा मेळ अगदीं क्षणाचा घालावा लागतो. कण्याचा शल्यवैद्य स्क्रू हळूहळू मागें फिरवून काढतो. रोहिणींत रंगद्रव्य सोडून कोठें गळती होते कीं काय तें तत्काळ पाहतात. गळती झालीच तर आंत फुगवून प्रवाह रोखणारा फुगा हाताशीं तयार असतो. हें काम एकट्याचें नव्हे. दोन शल्यवैद्य आणि एक भूलतज्ज्ञ यांचा एकमेळ हाच येथें खरा उपाय.

तरी हा मार्गहि निष्कंटक नाहीं. महारोहिणीच्या मागच्या भिंतींतून बारीक शाखा निघून मज्जारज्जूस रक्त पुरवितात. त्यांपैकीं सर्वांत मोठ्या शाखेस अ‍ॅडॅमकीविच यांचें नांव आहे. ती बहुधा डाव्या बाजूस, छातीच्या खालच्या मणक्यांच्या सुमारास असते. अस्तरानें ती झांकली गेली तर दोन्ही पाय लुळे पडण्याचा धोका असतो. म्हणून अस्तर शक्य तितकें आंखूड ठेवितात, रक्तदाब उतरूं देत नाहींत, आणि गरज पडल्यास मज्जारज्जूभोंवतींचें पाणी नळीनें थोडें थोडें काढून त्यावरील दाब कमी करितात. अस्तराच्या कडेनें रक्त पुन्हां झिरपूं शकतें. अस्तर जागचें सरकूं शकतें. म्हणून वर्षावर्षानें तपासणी चालू ठेवावी लागते. रुग्ण कोंवळ्या वयाचा असेल तर त्याची महारोहिणी अजून वाढावयाची असते, अस्तर मात्र वाढत नाहीं. आणि स्क्रूच्या जागीं पू झाला असेल, तर तेथें परकें कापड ठेवणें म्हणजे त्यास विस्तवाजवळ ठेवण्यासारखेंच होय. अशा वेळीं उघडी शस्त्रक्रिया व रोगट भाग काढून टाकणें याकडेच कल असतो.

सर्वांत बिकट प्रश्न आहे तो मूक स्क्रूचा. टोंक भिंतींत घुसलें असेल, फुगा आला असेल, किंवा रक्त झिरपत असेल, तर उपचार टाळतां येत नाहीं, याविषयीं दुमत नाहीं. परंतु टोंक नुसतें टेकलें आहे, भिंत शाबूत आहे आणि रुग्णास कसलाहि त्रास नाहीं, तर काय करावें? एक पक्ष म्हणतो, कीं रोज लाख वेळां होणारें घर्षण आज ना उद्यां घात करील, तेव्हां वेळीं काढावा. दुसरा पक्ष म्हणतो, कीं असे कित्येक रुग्ण वर्षानुवर्षें सुखरूप राहिलेले आहेत. नसती दुसरी शस्त्रक्रिया हाच मोठा धोका. दोघांचेंहि म्हणणें निराधार नाहीं. शहाणपण आहे तें नीट पाहण्यांत. धातूच्या छायेमुळें सी. टी. चें चित्र गढूळ येतें, आणि खरें अंतर झांकलें जातें. रुग्ण उताणा असतां व पालथा असतां महारोहिणीची जागा थोडी बदलते. पालथें निजवून काढलेल्या चित्रांत ती टोंकापासून सुटून दूर होत असेल, तर ती चिकटलेली नाहीं असें कळतें. रोहिणीच्या आंत ध्वनिलहरींचें यंत्र नेऊनहि भिंत पाहतां येते. हें सारें पाहून, रुग्णाचें वय, मणके सांधले गेले आहेत कीं नाहींत आणि त्याची स्वतःची इच्छा या तिहींचा मेळ घालून निर्णय करावा लागतो. कांहींहि न करणें हा निर्णय झाला, तरी त्याबरोबर ठराविक मुदतीनें तपासणी ही आलीच. आणि निर्णय कोणताहि असो, स्क्रू बाहेर आला आहे ही गोष्ट रुग्णापासून लपवून ठेवणें योग्य नव्हे. कारण उद्यां एखाद्या परक्या गांवीं त्याच्या छातींत कळ आली, तर ती कशाची असूं शकेल हें सांगणारा तो एकटाच असेल.

मानेच्या मणक्यांची गोष्ट थोडी निराळी. तेथें मेंदूकडे जाणाऱ्या दोन रोहिणी मणक्यांच्या बाजूच्या छिद्रांतूनच वर चढतात. तेथें स्क्रूसाठीं केलेल्या भोंकांतून रक्ताची धार आली, तर कित्येकदां तोच स्क्रू घालून धार बंद करितात, आणि दुसऱ्या बाजूस स्क्रू घालण्याचें सोडून देतात. कारण दोन्ही बाजू गमावल्या तर मेंदूच्या मागच्या भागाचा पुरवठाच तुटेल. एका चुकीनंतर हात आवरणें हेंहि शस्त्रविद्येंतील एक कौशल्यच आहे.

उपचारापेक्षां प्रतिबंध बरा, हें येथेंहि खरें. शस्त्रक्रियेपूर्वीं प्रत्येक खांबाची रुंदी व दिशा चित्रावरून मोजणें, केलेल्या भोंकाच्या चारी भिंती व तळ बोथट सळईनें चांचपणें, लांबी बेतानें निवडणें, आणि रुग्ण मेजावरून उठण्यापूर्वींच चित्र काढून पाहणें, या साध्या गोष्टी आहेत. आतां मार्ग दाखविणारीं संगणकयंत्रें व यंत्रमानवहि कांहीं रुग्णालयांत आहेत. त्यांनीं चुका कमी होतात. पण यंत्राची खूण जागची हलली तर यंत्रहि बेधडक चुकीची वाट दाखवितें, म्हणून हाताच्या स्पर्शास रजा देतां येत नाहीं.

ज्याच्या पाठींत असे स्क्रू आहेत त्यानें भयभीत होण्याचें कारण नाहीं. बहुसंख्य माणसें त्यांच्याच बळावर ताठ उभीं आहेत. त्यानें एवढेंच करावें, कीं शस्त्रक्रियेचे कागद व चित्रें जपून ठेवावीं. नंतर काढलेल्या चित्रांत सर्व स्क्रू हाडांतच आहेत ना, असें डॉक्टरांस संकोच न करितां विचारावें. आणि पुढें केव्हांहि छातींत, पोटांत वा पाठींत नवीन कळ, थुंकींतून रक्त, पायाची एकाएकीं सूज, धाप किंवा चक्कर असें कांहीं जाणवलें, तर जुनें दुखणें समजून लेप लावीत न बसतां रुग्णालय गांठावें आणि तेथील डॉक्टरास पहिलें वाक्य हेंच सांगावें, कीं माझ्या कण्यांत धातू आहे.